वेब एपीआयला पहिली रिक्वेस्ट: पुण्याच्या तापमानापासून मार्केट यार्डातील भावापर्यंत

पुण्यात कोणीही सकाळी फोनवर हवामानाचे ॲप उघडले की शहराचे तापमान, आर्द्रता आणि पावसाची शक्यता असे आकडे समोर येतात. हे आकडे फोनने स्वतः मोजलेले नसतात, आणि ॲप तयार करणाऱ्यांनी पुण्यात जागोजागी तापमापक बसवले आहेत असेही सहसा नसते. ॲप उघडताच ते इंटरनेटवरून दुसऱ्या एका संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, ठरावीक स्वरूपात मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, करते, तो संगणक ठरावीक स्वरूपात उत्तर देतो आणि त्या उत्तरातील आकडे ॲप आपल्यापुढे नीट मांडते. अशी मागणी कोणत्या पत्त्यावर करायची, तिच्यात कोणती माहिती द्यायची आणि उत्तर कोणत्या रचनेत येईल, याचे जे जाहीर नियम एखादी सेवा घालून देते, त्यांना त्या सेवेचा वेब एपीआय म्हणतात. ॲप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस हे त्याचे पूर्ण नाव. ते पाठ नसले तरी पुढचे काहीही अडत नाही.

एपीआय हा केवळ प्रोग्रामरांचा प्रांत आहे, असा समज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही आढळतो, मग वाणिज्य किंवा कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांची गोष्टच वेगळी. माझे मत असे की येथे पहिली गरज काळजीपूर्वक वाचण्याची आहे: सेवेने दिलेली माहितीपुस्तिका वाचणे, आपण नेमके काय मागितले ते वाचणे आणि आलेले उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे. ज्याला हे जमते त्याला कोड लिहिणे फारसे जड जात नाही, आणि ज्याला जमत नाही त्याचा कोड चालत असूनही चुकीची माहिती देत राहतो.

महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रातील खिडकी डोळ्यांपुढे आणावी. खिडकीमागे दप्तर कसे लावले आहे हे अर्जदाराला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. विहित नमुन्यातील अर्जाचे रकाने बरोबर भरले की दाखला मिळतो. एखादा आवश्यक रकाना रिकामा राहिला तर अर्ज शेऱ्यासह परत येतो. वेब एपीआयचे काम साधारण याच रीतीने चालते, मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: आपण काल काय विचारले होते हे सर्व्हर लक्षात ठेवील असे गृहीत धरता येत नाही. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात रेस्ट नावाची रचना मांडली, आणि आज बहुसंख्य वेब एपीआय कमीअधिक प्रमाणात तिच्याच वळणाने जातात. त्या रचनेतील एक मूलभूत अट अशी की प्रत्येक रिक्वेस्ट स्वयंपूर्ण असली पाहिजे. ती समजण्यासाठी लागणारे सर्व काही तिच्यातच असले पाहिजे. नवशिक्यांच्या बऱ्याच अडचणी ही अट पुरेशी ध्यानात न घेतल्यामुळे उद्भवतात.

पहिली रिक्वेस्ट ब्राउझरमधूनच

सुरुवातीला काहीही इन्स्टॉल करण्याची गरज नाही. ओपन-मेटिओ नावाची हवामानाची सेवा अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य आहे आणि तिच्यासाठी नोंदणीही करावी लागत नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पुढील पत्ता लिहिला की झाले. येथे तो उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्ष टाइप करताना सेवेच्या माहितीपुस्तिकेतील रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंक वापरावेत.

एचटीटीपीएस://एपीआय.ओपन-मेटिओ.कॉम/व्ही१/फोरकास्ट?लॅटिट्यूड=१८.५२&लाँगिट्यूड=७३.८६&करंट=टेम्परेचर_२एम

हा पत्ता डावीकडून उजवीकडे वाचत गेले की त्यात रहस्य असे काही उरत नाही. एचटीटीपीएस म्हणजे वेबवरील संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, आणि त्यातील शेवटचा एस सांगतो की हे बोलणे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा रीतीने गुप्त केलेले आहे. त्यानंतर येते सर्व्हरचे नाव. पुढील तिरप्या रेघेपासून प्रश्नचिन्हापर्यंतचा भाग म्हणजे एंडपॉइंट, म्हणजे त्या सर्व्हरवरील नेमके कोणते काम आपल्याला हवे आहे. येथे अंदाज हवा म्हणून फोरकास्ट. व्ही१ हा आवृत्तीचा क्रमांक आहे. उद्या सेवेने रचना बदलली तर ती सहसा नव्या क्रमांकाखाली उपलब्ध होते आणि जुन्या क्रमांकावर अवलंबून असलेले प्रोग्राम लगेच कोलमडत नाहीत. प्रश्नचिन्हानंतर पॅरामीटर सुरू होतात: आधी नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग किंमत, आणि दोन पॅरामीटरांच्या मध्ये अँड हे चिन्ह. आपण तीन गोष्टी सांगितल्या आहेत: अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६ आणि जमिनीपासून दोन मीटर उंचीवरील सध्याचे तापमान. पुणे हा शब्द या रिक्वेस्टमध्ये कोठेही नाही, आणि या एंडपॉइंटला त्याची आवश्यकताही नाही.

एंटर दाबल्यावर पान सजवलेले दिसणार नाही. महिरपी कंसांत बांधलेला मजकूर दिसेल. त्याच्यातील महत्त्वाचा भाग नमुन्यादाखल असा असतो:

"करंट": { "टाइम": "...०१:१५", "इंटरव्हल": ९००, "टेम्परेचर_२एम": २३.८ }

या मांडणीला जेसन म्हणतात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ती रूढ केली, आणि तिचे नियम पोस्टकार्डावर मावतील इतके थोडे आहेत. महिरपी कंसांत नाव आणि किंमत यांच्या जोड्या असतात, चौकटी कंसांत यादी असते, मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत असतो आणि संख्या अवतरणचिन्हांशिवाय लिहिली जाते. एका किमतीच्या जागी पुन्हा संपूर्ण कंस येऊ शकतो. त्यामुळे तापमान हवे असल्यास आधी करंटमध्ये शिरायचे आणि मग टेम्परेचर शोधायचे, असा मार्ग काढावा लागतो.

आता वेळेकडे नीट पाहावे. पुण्यात सकाळचे पावणेसात वाजले आहेत आणि उत्तर सांगते सव्वा एक. सर्व्हर बिघडलेला नाही. आपण कालपट्टा सांगितलाच नाही, म्हणून त्याने ग्रिनिच वेळ दिली, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. पत्त्याच्या शेवटी टाइमझोन हा पॅरामीटर जोडून त्याची किंमत एशिया/कोलकाता अशी दिली की घड्याळ जुळते. इंटरव्हलपुढील ९०० हा आकडा सेकंदांत आहे, म्हणजे सध्याची स्थिती दर १५ मिनिटांच्या टप्प्याने दिलेली आहे. म्हणूनच दर सेकंदाला रिक्वेस्ट पाठवणारा प्रोग्राम तोच आकडा पुन्हा पुन्हा आणील आणि सर्व्हरचा भार मात्र विनाकारण वाढवील. उत्तरातील अक्षांश-रेखांशही आपण दिलेल्यापेक्षा थोडे वेगळे असू शकतात, कारण ही सेवा निरनिराळ्या देशांच्या हवामान संस्थांच्या संगणकीय प्रारूपांवर चालते आणि अशी प्रारूपे पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींमध्ये विभागून हिशेब करतात. आपल्याला मिळतो तो आपल्या जवळच्या चौकटीचा आकडा.

पुण्याच्या वाचकाला हा फरक चटकन समजावा. भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, आणि शिवाजीनगर येथील त्या कार्यालयाला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. वेधशाळेत उपकरणाने नोंदवलेले तापमान हे निरीक्षण असते, तर वरील रिक्वेस्टने आणलेला आकडा हा प्रारूपाचा हिशेब असतो. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण ते एक नव्हेत. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव येथील नोंदींतही एकाच वेळी फरक असतो, हे रोजचे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला माहीत आहे. एपीआय आकडा देतो तेव्हा तो कशाचा आकडा आहे हे माहितीपुस्तिकेत शोधणे, हे माझ्या दृष्टीने रिक्वेस्ट पाठवण्याइतकेच आवश्यक काम आहे.

२०० म्हणजे सारे ठीक असे नव्हे

प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी स्टेटस कोड येतो. ब्राउझर तो सहसा दाखवत नाही, पण प्रोग्रामला तो सर्वांत आधी दिसतो. दोनने सुरू होणारा कोड म्हणजे रिक्वेस्ट स्वीकारून पूर्ण केली; तीनने सुरू होणारा म्हणजे बहुधा पत्ता बदलला आहे; चारने सुरू होणारा म्हणजे रिक्वेस्टमध्येच काही चुकले आहे; पाचने सुरू होणारा म्हणजे सर्व्हरच्या बाजूला बिघाड आहे. चार आणि पाच यांतील भेद मनात पक्का असावा. ४०० आला तर तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवून काहीही साधत नाही, ती दुरुस्त करावी लागते. ५०३ आला तर थोडे थांबून तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणे योग्य असते. ओपन-मेटिओच्या पत्त्यातून अक्षांश काढून टाकून पाहावे: ४०० येतो आणि उत्तरात रीझन या नावापुढे चुकीचे कारण लिहिलेले असते. विद्यार्थी पुष्कळदा केवळ कोड पाहून हताश होतात आणि त्याच्या खालीच लिहिलेले कारण वाचत नाहीत.

याहून अधिक धोक्याची गोष्ट निराळीच आहे. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल करून पाहावी, म्हणजे अक्षांश ७३.८६ आणि रेखांश १८.५२. सर्व्हरच्या दृष्टीने ही रिक्वेस्ट निर्दोष आहे, कारण अशी जागा पृथ्वीवर खरोखर आहे. ती नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात येते. स्टेटस कोड २०० मिळतो, जेसन नीटनेटका मिळतो आणि पुण्याच्या नावाखाली उत्तर ध्रुववृत्तापलीकडचे तापमान दिसू लागते. ही अदलाबदल घडण्यास वावही मोठा आहे, कारण काही सेवा अक्षांश आधी मागतात, तर नकाशांसाठी रूढ असलेल्या जिओजेसन या मांडणीत रेखांश आधी लिहिण्याचा नियम आहे. जुलैमध्ये पुण्याचे तापमान पाच अंश आले तर शंका येईल; पण रुपये आणि पैसे, किलो आणि क्विंटल अशा घोटाळ्यांत उत्तर इतके विसंगत दिसत नाही आणि चूक महिनोन्महिने लपून राहते.

काही सेवा तर खुद्द त्रुटीचा संदेशही २०० या कोडसह पाठवतात. विकिपीडियाचा जुना आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा ॲक्शन एपीआय त्यांपैकी एक आहे: पॅरामीटर चुकला तरी कोड २०० येऊ शकतो आणि त्रुटी उत्तराच्या आत एरर या नावाखाली असते. म्हणून आधी कोड पाहावा, मग उत्तरात त्रुटीची नोंद आहे का ते पाहावे, आणि त्यानंतरच हवा तो आकडा उचलावा. हा क्रम सोडू नये.

कर्ल आणि पायथॉन

ब्राउझरची पत्त्याची पट्टी साध्या मागणीपुरती पुरते. त्यापुढे टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, रिक्वेस्ट पाठवणारे कर्ल हे साधन शिकावे. स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग यांना नव्वदच्या दशकात गप्पांच्या एका ऑनलाइन खोलीत चलनांचे विनिमय दर आपोआप दाखवायचे होते. ते दर वेबवरून आणण्यासाठी घेतलेल्या छोट्या प्रोग्रामपासून कर्ल वाढले आणि मार्च १९९८ मध्ये या नावाने प्रसिद्ध झाले. लिनक्स आणि मॅकवर ते बहुधा असतेच. विंडोज १० मध्ये ते २०१८ पासून अंतर्भूत आहे, फक्त जुन्या पॉवरशेलमध्ये त्याचे नाव शेवटी डॉट ईएक्सई लावून पूर्ण लिहावे, कारण नुसत्या कर्ल या नावाने तेथे दुसरीच आज्ञा चालते. टर्मिनलमध्ये कर्ल लिहून पुढे वरचाच पत्ता द्यायचा, मात्र संपूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालून. ही चिन्हे विसरली तर टर्मिनल पत्त्यातील अँड या चिन्हाचा स्वतःच्या पद्धतीने अर्थ लावते, पत्ता तेथेच तुटतो आणि पहिला पॅरामीटर सोडून बाकीचे सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत. आज्ञेत वजा आय हा पर्याय जोडला, आणि त्यातील आय हे अक्षर लहान लिपीतले ठेवले, की स्टेटस कोड आणि हेडरही दिसतात.

हेडर म्हणजे रिक्वेस्ट आणि उत्तर या दोहोंसोबत जाणारी माहितीविषयीची माहिती: मजकूर जेसन आहे की आणखी काही, तो कोणासाठी आहे, किती काळ जपून ठेवता येईल. त्यांपैकी यूजर-एजंट हा हेडर मागणी कोण करत आहे ते सांगतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेचे धोरण असे की प्रोग्रामने या हेडरमध्ये स्वतःची ओळख आणि संपर्काचा मार्ग द्यावा. ओळख न देणाऱ्या प्रोग्रामला अडवले जाऊ शकते. ही अट मला रास्त वाटते, कारण देणग्यांवर चालणाऱ्या सेवेचा सर्व्हर वापरताना आपण कोण हे सांगणे किमान सौजन्य आहे.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत हेच काम रिक्वेस्ट्स नावाच्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, करतात. ती पायथॉनसोबत येत नाही, पिप या साधनाने वेगळी घ्यावी लागते. तिच्या गेट या फंक्शनला पत्ता द्यायचा, पॅरामीटर डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्यांत, वेगळे द्यायचे, आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा, न विसरता द्यायचा. या लायब्ररीत आपण टाइमआउट सांगितला नाही तर तो नसतोच, म्हणजे सर्व्हर गप्प राहिला तर प्रोग्रामही कितीही वेळ गप्प बसून राहू शकतो. मिळालेल्या उत्तरातून आधी स्टेटस कोड तपासायचा आणि मग जेसन हे फंक्शन वापरून उत्तराची डिक्शनरी करून घ्यायची. एवढे चार-पाच ओळींत होते. येथे एक सूचना करावीशी वाटते: पत्ता हाताने जोडत बसू नये, पॅरामीटर डिक्शनरीतच द्यावेत. याचे कारण मराठीत लिहिणाऱ्यांना विशेष जवळचे आहे.

पत्त्यातील देवनागरी

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील पुणे या लेखाचा आरंभीचा परिच्छेद ॲक्शन एपीआयने मागता येतो. त्यासाठी टायटल्स या पॅरामीटरची किंमत देवनागरीत पुणे अशी द्यावी लागते. पण वेबच्या पत्त्यात फक्त ठरावीक रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे चालतात. म्हणून देवनागरीचे आधी यूटीएफ-८ या पद्धतीने बाइटमध्ये रूपांतर होते आणि मग प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंकाक्षरे अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. पुणे या शब्दात संगणकाच्या लेखी चार घटक आहेत: प, उकार, ण आणि मात्रा. देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो, म्हणजे बारा बाइट आणि पत्त्यात छत्तीस चिन्हे. मराठी संकेतस्थळाचा दुवा दुसरीकडे चिकटवल्यावर टक्क्यांची जी लांबलचक माळ दिसते, तिचा उगम येथे आहे. रिक्वेस्ट्स लायब्ररी हे रूपांतर स्वतः करते. हाताने जोडलेल्या पत्त्यात ते राहून जाण्याचा किंवा दोनदा होण्याचा धोका असतो.

उत्तरातही अशीच एक गोष्ट दिसेल. ॲक्शन एपीआयच्या मूळ मांडणीत देवनागरी अक्षरांऐवजी बॅकस्लॅश, यू आणि चार अंकाक्षरे येतात. उदाहरणार्थ, प या अक्षराच्या जागी ०९२ए. मजकूर बिघडला असे समजून पुष्कळ जण तेथेच थांबतात. जेसनमध्ये असे लिहिणे पूर्णपणे वैध आहे आणि कोणतीही जेसन लायब्ररी त्याचे पुन्हा देवनागरी करते. फॉरमॅट-व्हर्जन या पॅरामीटरची किंमत २ दिली तर उत्तरच थेट देवनागरीत येते. मात्र एक अडचण कोणतीही लायब्ररी सोडवत नाही. ॲ हे अक्षर काही कीबोर्ड एकाच चिन्हाने लिहितात, तर काही अ लिहून त्यावर चंद्र देतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते निरनिराळे शब्द वाटतात आणि शोध रिकाम्या हाताने परत येतो. मराठी माहिती शोधणारा प्रोग्राम लिहिताना अशी दुहेरी रूपे आधीच एकसारखी करून घ्यावीत.

मागणे आणि बदलणे

आतापर्यंतच्या सर्व रिक्वेस्ट गेट या प्रकारच्या होत्या. गेट म्हणजे फक्त माहिती मागणे. तिने सर्व्हरवरील कोणतीही नोंद बदलू नये असा नियम आहे. नवी नोंद करण्यासाठी पोस्ट, असलेली नोंद संपूर्ण बदलण्यासाठी पुट, तिचा काही भाग बदलण्यासाठी पॅच आणि काढून टाकण्यासाठी डिलीट असे प्रकार वापरतात. पोस्टमध्ये माहिती पत्त्यात न लिहिता रिक्वेस्टच्या बॉडीत, म्हणजे मुख्य मजकुरात, बहुधा जेसन स्वरूपात, पाठवतात आणि ती जेसन आहे हे कंटेंट-टाइप या हेडरने सांगतात.

यातील खरा महत्त्वाचा प्रश्न असा की उत्तर आलेच नाही तर काय करायचे. गेट असेल तर निर्धास्तपणे पुन्हा पाठवावी. पुट आणि डिलीट यांची व्याख्याच अशी आहे की एकदा पाठवले काय आणि तीनदा पाठवले काय, अखेरची स्थिती एकच राहते. पोस्टला असे संरक्षण नाही. समजा, एखाद्या ॲपने वीजबिलाची रक्कम भरण्यासाठी पोस्ट पाठवली, सर्व्हरने रक्कम वळती केली आणि उत्तर परत येताना वाटेत नेटवर्क तुटले. ॲपला दिसतो तो फक्त टाइमआउट. काम झाले नाही असे समजून त्याने तीच पोस्ट पुन्हा पाठवली तर रक्कम दोनदा कापली जाईल. उत्तर न येणे आणि काम न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि रिक्वेस्ट पाठवणाऱ्या बाजूला त्यांतील फरक कळण्याचा स्वतःचा असा कोणताही उपाय नसतो. म्हणून पैशांच्या व्यवहाराचे चांगले एपीआय प्रत्येक व्यवहारासाठी पाठवणाऱ्याकडून एक वेगळा ओळख क्रमांक घेतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवा व्यवहार न करता आधीच्याच व्यवहाराचे उत्तर देतो. पैसे भरताना पान मध्येच रिफ्रेश करू नका अशी जी सूचना दिसते, तिच्या मुळाशी हीच भीती असते. स्वतःचा एपीआय बनवण्याची वेळ येईल तेव्हा सर्वांत आधी या प्रसंगाचा विचार करावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

मार्केट यार्डातील भाव आणि एपीआय की

भारत सरकारने २०१२ मध्ये सुरू केलेल्या डेटा.गव्ह.इन या खुल्या माहितीच्या पोर्टलवर देशभरातील बाजार समित्यांमधील शेतमालाच्या चालू भावांचा संच आहे. कांद्याचा गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भाव एखाद्या शेतकऱ्याला घरबसल्या कळवणारा छोटा प्रोग्राम हा नवशिक्यासाठी उत्तम प्रकल्प आहे, कारण त्यात आतापर्यंत न आलेल्या जवळपास सर्व गोष्टी येतात.

पहिली गोष्ट म्हणजे एपीआय की. पोर्टलवर नोंदणी केल्यावर अक्षरे आणि अंक यांची एक लांब माळ मिळते आणि ती प्रत्येक रिक्वेस्टमध्ये द्यावी लागते. मागणी कोणाकडून आली हे सेवेला त्यावरून कळते. की दिली नाही किंवा चुकीची दिली तर सेवा सहसा ४०१ किंवा ४०३ या कोडने नकार देते. पोर्टलवर चाचणीसाठी नमुना कीही दिलेली आहे, पण तिने एका वेळी फार तर १० नोंदी मिळतात. आपली की कोडमध्ये लिहून तो कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला करू नये. अशा खुल्या कोडमधून की वेचणारे स्वयंचलित प्रोग्राम सतत फिरत असतात, आणि पैसे मोजून घेतलेल्या सेवेची की त्यांच्या हाती लागली तर बिल मालकाच्या नावावर चढते. की संगणकाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर जपलेल्या नोंदीत, ठेवावी आणि कोडने ती तेथून वाचावी. एकदा उघड झालेली की फाइलमधून पुसून भागत नाही, कारण कोडच्या इतिहासात ती शिल्लक असते. ती रद्द करून नवीच घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळणी लावणे. राज्य, जिल्हा, बाजार आणि शेतमाल यांनुसार नोंदी गाळून मागता येतात, परंतु नावे त्या संचात ज्या स्पेलिंगने लिहिली आहेत त्याच स्पेलिंगने द्यावी लागतात. म्हणून आधी गाळणीशिवाय थोड्या नोंदी मागवून पुण्याचे बाजार कोणत्या नावांनी नोंदले आहेत ते पाहून घ्यावे. नाव चुकले तर त्रुटी येईलच असे नाही. शून्य नोंदी येतील आणि आज आवक झाली नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

तिसरी गोष्ट म्हणजे पाने. हजारो नोंदी एका उत्तरात येत नाहीत. लिमिट या पॅरामीटरने किती नोंदी हव्यात ते सांगायचे आणि ऑफसेटने सुरुवातीच्या किती सोडायच्या ते सांगायचे. उत्तरातील टोटल या नावापुढे एकूण नोंदींची संख्या असते. तितक्या हाती येईपर्यंत ऑफसेट वाढवत पुन्हा पुन्हा मागावे लागते. पहिले पान म्हणजे संपूर्ण संच, असे समजून काढलेल्या सरासऱ्या मी अनेकांच्या प्रकल्पांत पाहिल्या आहेत, आणि त्या नेहमी आत्मविश्वासाने मांडलेल्या असतात.

प्रत्येक नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. सर्वसाधारण भाव म्हणजे ज्या भावाने बहुतेक माल विकला गेला तो. किमान आणि कमाल यांची सरासरी नव्हे. शेतकऱ्याला तोच सांगावा. भाव रुपयांत आणि प्रतिक्विंटल असतो, म्हणून किलोचा भाव काढताना १०० ने भागावे. भागण्यापूर्वी तो संख्या म्हणून आला आहे की अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणून, हे पाहावे. मजकूर असेल तर पायथॉन भागाकार करण्यास नकार देईल, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण मजकूर म्हणून क्रम लावला तर ९०० हा १२०० पेक्षा मोठा ठरेल, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, आणि या वेळी कोणतीही तक्रार येणार नाही.

रिक्वेस्टची गती आवरती ठेवावी. सेवा बहुधा दिवसाची किंवा मिनिटाची मर्यादा घालते. ओपन-मेटिओच्या विनामूल्य वापराला दिवसाला १०,००० रिक्वेस्टची मर्यादा आहे. मर्यादा ओलांडली की ४२९ हा कोड येतो, आणि पुष्कळदा रिट्राय-आफ्टर या हेडरमध्ये किती सेकंद थांबायचे तेही लिहिलेले असते. तेवढे थांबावे. तो हेडर नसेल तर प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करत जावे आणि काही प्रयत्नांनंतर सोडून द्यावे.

भावांच्या या संचात चालू भाव असतात, त्यामुळे आजच्या नोंदी काही दिवसांनी तेथे त्याच जागी सापडतील असे धरून चालू नये. ज्याला कांद्याच्या भावाचा हंगामभराचा आलेख हवा असेल त्याने प्रोग्राम रोज एका ठरावीक वेळी चालवावा आणि आलेले उत्तर जसेच्या तसे, त्यावर कोणतीही प्रक्रिया न करता, तारखेच्या नावाने फाइलमध्ये साठवावे. भागाकार, गाळणी आणि सरासरी ही कामे त्या साठवलेल्या फाइलींवर नंतर करावीत. म्हणजे हिशेबाची रीत चुकली असे पुढे लक्षात आले तरी मूळ उत्तरे हाताशी राहतात आणि हिशेब पुन्हा करता येतो. फाइलचे नाव प्रोग्राम चालल्याच्या तारखेवरून पडते, नोंदीतील आवकेची तारीख मात्र वेगळी असू शकते. यार्डाला सुट्टी असेल त्या दिवशी हा फरक हमखास दिसतो, म्हणून आलेख काढताना नोंदीतीलच तारीख घ्यावी.